सँटोरिनीत येताय? आधी इथली डाळ ओळखा

एप्रिलमध्ये हॉटेलं उघडली की आपली दोन-चार नवी पोरं कामाला म्हणून बोटीने ग्रीसच्या या बेटावर उतरतात, आणि आठवड्याच्या आत विचारतात, "दादा, तुरीची डाळ कुठे मिळते?" अथेन्सला ओमोनियाच्या गल्ल्यांत मिळते. मागवा, पण आधी इथली डाळ खा. दहा-दहा वर्षं इथे राहून फक्त मागवलेला भात-वरण खाणारे आपलेच लोक मी पाहिलेत. त्यांना ग्रीकही धड येत नाही.

इथली डाळ म्हणजे फावा. इंग्रजी नावावरून वालासारख्या मोठ्या बिया समजू नका, त्यांना इथे कुकिया म्हणतात. सँटोरिनीची फावा आपल्या लाखोळीच्या, म्हणजे लाख डाळीच्या घराण्यातली. मी भंडाऱ्याचा. आमच्याकडे लाखोळी धानाच्या उभ्या बांधीत फेकतात, इथे तिची बहीण ज्वालामुखीच्या राखेत, हिवाळ्यातल्या जेमतेम पावसावर येते. भिजवायची नाही. मंद आचेवर फेस काढत शिजवायची, घोटायची, वर ऑलिव्ह तेल, कच्चा कांदा, केपर म्हणजे खारवलेल्या कळ्या. निवली की पिठल्यासारखी घट्ट बसते. फोडणीचा मोह होईल. निदान पहिले चार दिवस आवरा.

आता कान देऊन ऐका. तिसऱ्या वर्षी मालकाने खरेदी माझ्यावर सोपवली. एका व्यापाऱ्याने 25 किलोचं पोतं फारच स्वस्तात दिलं, वर हाताने 'सँटोरिनी फावा' लिहिलेलं. मालकाच्या आईने एक घास खाल्ला आणि चमचा खाली ठेवला. आत नुसती वाटाण्याची डाळ! पैसे माझ्या पगारातून गेले. ग्रीसभर वाटाण्याच्या डाळीलाही फावाच म्हणतात, म्हणून नावावर जाऊ नका. पाकिटावर युरोपीय संघाचा लाल-पिवळा गोल शिक्का बघा. सुटी घेऊ नका. स्वस्त मिळाली तर ती फावा नाही. पुन्हा सांगतो, स्वस्त मिळाली तर ती फावा नाही.

पांढरं वांगं घ्या, बिया कमी, कडवटपणा नाही, भरीत झकास होतं. कात्सुनी नावाची काकडी कोवळीच घ्या. जून झाली की खरबुजासारखी लागते. बारक्या टोमॅटोची पुदिना घातलेली भजी करतात, तोमातोकेफ्तेदेस. नाव पाठ होईपर्यंत बोट दाखवा. नळाचं पाणी पिऊ नका.

शाकाहारी असाल तर 'निस्तीसिमो' हा शब्द शिका, म्हणजे उपवासाचं. मांस, अंडी, दूध नाही. पण यांच्या उपवासाला कोळंबी आणि ऑक्टोपस चालतात! तेव्हा ताटात काय आहे ते विचाराच. तेलात शिजवलेल्या भाज्यांना 'लादेरा' म्हणतात, तिथे सहसा धोका नाही. घरून तूप-पेढे आणू नका, भारतातून दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. माझा डबा विमानतळावरच राहिला.

दारूचं एवढंच, रिकाम्या पोटी इथे कोणी पीत नाही, तुम्हीही पिऊ नका. आसिर्तिको द्राक्षाच्या वेली वाऱ्यापासून वाचाव्या म्हणून जमिनीलगत टोपलीसारख्या विणतात. फोटोच्या नादात त्यांवर पाय देऊ नका, शेतकरी शिव्या घालतात आणि बरोबरच घालतात. ऑगस्टमध्ये तोडणीला शेजाऱ्याने हाक मारली तर मात्र नक्की जा. पहाटे निघावं लागतं, पाठ मोडते, पण दुपारी सगळे बांधावर बसतात आणि डब्यातून फावाच निघते. खरी.