मिनिएचर रंगवताना या चुका टाळा: दोष रंगात दिसतो, चूक आधीच झालेली असते

मिनिएचर म्हणजे टेबलावरच्या युद्धखेळांसाठी जोडून रंगवायचे प्लास्टिक, धातू किंवा रेझिनचे छोटे पुतळे. त्यांच्यावरच्या रंगाची सालपटं निघाली की रंगाला दोष दिला जातो. भाला तुटला की ग्लूला शिव्या बसतात. थोडं मागे जाऊन पाहिलं तर रेझिन (साच्यात ओतून घट्ट केलेलं राळेसारखं द्रव्य) धुतलेलं नसतं, आणि भाल्याच्या सांध्यात पिन, म्हणजे आधाराची तार, घातलेली नसते. त्यामुळे काही बिघडलं की त्यावर आणखी एक थर मारून झाकण्याआधी एक-दोन पायऱ्या मागे जा. कन्व्हर्जनवर, म्हणजे वेगवेगळ्या संचांचे तुकडे जोडून नवं मिनिएचर बनवण्यावर, इथे मुद्दाम जास्त लिहिलं आहे, कारण ऐतिहासिक फँटसीच्या (इतिहासातलं सैन्य आणि जादू एकत्र असलेल्या) फौजेत सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो.

साफसफाई आणि चिकटवणं

साच्याचे दोन भाग जिथे जुळतात तिथे मिनिएचरवर बारीक रेघ राहते, तीच मोल्ड लाइन. कोऱ्या राखाडी प्लास्टिकवर ती डोळ्याला सापडत नाही. वॉश (खाचांत उतरणारा पातळ गडद रंग) आणि ड्रायब्रश (जवळजवळ कोरड्या ब्रशने उंचवट्यांवर फिका रंग ओढणं) झाल्यावर मात्र गालावरून जखमेच्या व्रणासारखी उठून दिसते. तुकडा दिव्याखाली तिरपा धरून फिरवा आणि सुरीच्या पात्याची पाठ त्या रेघेवरून हलकेच ओढा. धारेने कापायला गेलात तर सपाट खाच पडते.

रेझिनच्या तुकड्यांवर साच्यातून सुटण्यासाठी लावलेला तेलकट थर असतो. कोमट पाणी, थोडा भांड्यांचा साबण आणि जुना टूथब्रश, एवढ्यात तो निघतो. घरी थ्रीडी प्रिंट केलेली मिनिएचर असतील तर ती पूर्ण क्युअर, म्हणजे पक्की घट्ट, झाली आहेत ना हे आधी बघा. हाताला किंचित चिकट लागत असेल तर त्यावरचा प्राइमरही (रंगाआधीचा पायाथर) टिकणार नाही. रेझिन घासताना ओला सँडपेपर वापरा आणि मास्क लावा, ती धूळ फुप्फुसात जायला नको.

ग्लूच्या बाबतीत नियम सोपा आहे, तरी तो रोज मोडला जातो. प्लास्टिक सिमेंट पॉलिस्टायरीनचा पृष्ठभाग विरघळवून दोन तुकडे एकजीव करतं, म्हणून धातू आणि रेझिनवर ते काहीच करत नाही. तिथे सुपरग्लू लागतो. सुपरग्लूचा सांधा ओढ सहन करतो, पण आडवा धक्का बसला की तडकतो. म्हणून धातूच्या मिनिएचरचा हात, पंख किंवा लांब शस्त्र लावताना १ मिमी ड्रिलने दोन्ही बाजूंना भोक पाडून पितळी तार घाला. दोन्ही भोकं एका रेषेत येत नसतील तर एका बाजूला रंगाचा ठिपका लावा, तुकडे एकमेकांवर टेकवा आणि दुसऱ्या बाजूला डाग उमटेल तिथे ड्रिल करा.

कन्व्हर्जन: कल्पना मोकळी, पण मापं आणि काळ जपून

पहिली चूक मापाची. डब्यावर २८ मिमी लिहिलेलं असलं तरी कुणी ते पायापासून डोळ्यांपर्यंत मोजतं, कुणी डोक्यापर्यंत. त्यात काही कंपन्या डोकी, पंजे आणि शस्त्रं मुद्दाम मोठी करतात. असं जाड डोकं सडपातळ, खऱ्या प्रमाणाच्या अंगावर बसवलं की योद्ध्याचा बाहुला होतो. १/७२ मापाचा माणूस तर साधारण २४-२५ मिमीचाच असतो, त्याचे हात २८ मिमीच्या शिपायाला लावून चालत नाहीत. दोन वेगळ्या संचांचे तुकडे जोडणार असाल तर आधी पंजे शेजारी शेजारी धरून पाहा. पंजे जुळले तर बाकीचं बहुतेक जुळतं.

दुसरी चूक जास्त रंजक आहे. समजा, थडग्यातून उठलेलं रोमन घोडदळ करायचं आहे. सांगाड्यांचा एक संच आणि मध्ययुगीन सरदारांचे घोडे हाताशी आहेत. बहुतेक जण डोकी बदलतात, ढाली लावतात आणि थांबतात. पण घोड्यांच्या पोटाशी रिकिबी (स्वाराने पाय अडकवायच्या कड्या) तशाच लोंबत असतात. रोमन स्वारांना रिकिबी माहीत नव्हत्या. युरोपात त्या सहाव्या-सातव्या शतकाच्या सुमारास पूर्वेकडून आलेल्या आवार या भटक्या घोडेस्वार लोकांबरोबर आल्या असं मानलं जातं. रोमन खोगिराला चार कोपऱ्यांना चार शिंगं असायची आणि स्वार त्यांच्यात घट्ट बसायचा. तेव्हा रिकिबी कापा, पाय सैल खाली सोडा आणि पुट्टीचे (मळून आकार दिल्यावर घट्ट होणाऱ्या लगद्याचे) चार छोटे उंचवटे खोगिरावर बसवा. अर्ध्या तासाचं काम आहे, पण एवढ्याने घोडा शतकभर नाही, हजारभर वर्षं मागे जातो.

पायदळातही अशीच एक जागा आहे. पहिल्या-दुसऱ्या शतकातला साधा लीजनरी (रोमन शिपाई) आपली आखूड तलवार उजव्या बाजूला लटकवायचा आणि सेंच्युरियन (तुकडीचा अधिकारी) डाव्या. मध्ययुगीन धड वापरलं की म्यान डावीकडे येतं आणि तुमचा प्रत्येक शिपाई अधिकारी होतो. म्यान कापून उजवीकडे चिकटवा.

शिंगांच्या शिरस्त्राणांवर वाद घालायचा कंटाळा आला आहे, तरी सांगतो. व्हायकिंगांच्या डोक्यावरची शिंगं लोकांच्या मनात ठसली ती मुख्यतः कार्ल एमिल डोएप्लर याने १८७६ साली जर्मनीतल्या बायरॉइटच्या ऑपेरासाठी केलेल्या वेशभूषेमुळे. १९४३ साली नॉर्वेत येर्मुंडबू इथे सापडलेल्या शिरस्त्राणाला शिंगं नाहीत, चष्म्यासारखी नाकडोळ्यांची पट्टी आहे. तुमच्या फौजेत सैतानाशी करार केलेला सरदार असेल तर त्याला खुशाल शिंगं द्या. पण सगळ्या पलटणीला दिलीत तर त्या सरदाराचं वेगळेपण उरत नाही.

आणि हे सगळं करताना रांग विसरू नका. चौकोनी बेसवर खांद्याला खांदा लावून उभी राहणारी पलटण असेल तर हात पसरलेली देखणी पोज शेजाऱ्याच्या नाकात जाते. ग्लू लावण्याआधी ब्लू टॅकने (पुन्हा काढता येणाऱ्या चिकट गोळ्याने) तुकडे टेकवून चार-पाच शिपाई शेजारी उभे करून बघा.

पुट्टीची घाई

ग्रीन स्टफ ही दोन रंग मळून वापरायची पुट्टी. तिची पट्टी निळी-पिवळी येते. मधे दोन्ही रंग जिथे एकमेकांना टेकलेले असतात तिथला भाग पाकिटातच घट्ट झालेला असतो. तो कापून टाकला नाही तर मळल्यावर बारीक दाणे राहतात, आणि कापडाची घडी ओढताना हत्यार नेमकं त्यांच्यावर अडकतं. निळा जास्त घेतला तर पुट्टी कडक होते, पिवळा जास्त घेतला तर मऊ आणि लवचीक.

हत्यार आणि बोटं पाण्याने ओली ठेवा. झगा, त्यावरची फर आणि वरचा बक्कल एकाच बैठकीत करायला गेलात तर तिसरी गोष्ट करताना पहिली चेपते. झगा करा, रात्रभर ठेवा, मग फर. ग्रीन स्टफ सुकल्यावर रबरासारखी राहते, घासली की नीट गुळगुळीत होत नाही. चिलखताची सपाट पत्रं किंवा तलवारीची धार हवी असेल तर मिलिपुट ही दुसरी पुट्टी घ्या, ती सँडपेपरने छान घासली जाते. दोन्ही मिसळून वापरणारेही बरेच आहेत, आणि माझं मत त्यांच्या बाजूने आहे.

प्राइमर

पृष्ठभाग खरखरीत, वाळू शिंपडल्यासारखा दिसत असेल तर प्राइमरचा स्प्रे कॅन फार लांबून मारला गेला आहे किंवा हवा फार गरम होती. रंगाचे थेंब वाटेतच सुकले. चेहरा आणि साखळी चिलखत बुजलं असेल तर कॅन फार जवळ होता. २० ते ३० सेंमी अंतर ठेवा, मिनिएचरच्या अलीकडून फवारा सुरू करा आणि पलीकडे थांबवा. दमट दिवशी स्प्रे मारूच नका, ब्रशने लावायचा प्राइमर काढा.

सगळं बिघडलंच तर प्लास्टिक आणि धातूवरचा रंग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये सोडवता येतो. रेझिनचा आधी एक फालतू तुकडा बुडवून पाहा. अ‍ॅसिटोन प्लास्टिकला लावू नका, शिपाईच वितळतो.

रंग

जाड रंगाबद्दल सगळेच सांगतात, म्हणून थोडक्यात. पॅलेटवर ब्रश ओढल्यावर मागे अर्धपारदर्शक रेघ राहिली आणि ती पुन्हा वाहून एकत्र झाली नाही, तर रंग बरोबर आहे. असे दोन थर एका जाड थरापेक्षा केव्हाही चांगले.

वॉशचे डाग हा जास्त छळणारा प्रश्न. सपाट जागेवर वॉश साचतो, सुकताना कडेला गडद कडं सोडतो. ओला असतानाच स्वच्छ, दमट ब्रशने जास्तीचा वॉश उचला. अर्धवट सुकलेल्याला हात लावलात तर तो फाटतो आणि काम दुप्पट होतं.

लाल रंगाला पांढऱ्याने उजळलं की गुलाबी होतो, तिथे नारिंगी किंवा त्वचेचा फिका रंग मिसळा. काळ्या प्राइमरवर पिवळा थेट चढत नाही, आधी मातकट पिवळ्याचा थर द्या. बुबुळाचा ठिपका पापण्यांच्या मधे तरंगत राहिला तर योद्धा भूत बघितल्यासारखा दिसतो, म्हणून तो वर आणि खाली दोन्हीकडे टेकू द्या.

रंग निवडतानाही काळ आठवावा. विल्यम पर्किनने पहिला गाजलेला कृत्रिम रंग, मॉव्ह, १८५६ साली बनवला. त्याआधी कापडाला रंग मिळायचा तो झाडांची मुळं-पानं, किडे आणि शिंपल्यांतून. मध्ययुगीन शेतकऱ्यांच्या पलटणीला झगझगीत जांभळे अंगरखे दिले की ती खेळण्यातली वाटते. तो जांभळा जादूगारासाठी राखून ठेवा. सोळाव्या शतकातल्या लान्सक्नेख्टांवरून (जर्मन भाडोत्री शिपायांवरून) फौज बेतली असेल तर मात्र भडकपणाला घाबरू नका, त्यांचे चिरलेल्या बाह्यांचे पट्टेदार कपडे खरोखरच तसे होते.

घोडा तपकिरी आणि आयाळ-शेपटी काळी असेल तर पायही गुडघ्याखाली काळे रंगवा. घोडे ओळखणाऱ्याची नजर आधी तिथेच जाते.

वार्निश

मॅट वार्निश धातूच्या रंगाची चमक खाऊन टाकतं. म्हणून आधी सगळ्यावर मॅट द्या, मग तलवारी आणि चिलखतावर ब्रशने सॅटिन किंवा ग्लॉस. डब्यातून किंवा कॅनमधून घेण्याआधी पूर्ण हलवा, नाहीतर मॅट करणारी पूड तळाशी बसते आणि शेवटी एकदम शिपायांवर पांढुरकी उतरते. दमट हवेतही तसंच धुकं धरतं. तसं झालं तर घाबरून रंग खरवडू नका. त्यावर ब्रशने ग्लॉस वार्निशचा एक पातळ थर दिला की बऱ्याचदा खालचा रंग परत दिसू लागतो. तो पूर्ण सुकल्यावर, कोरड्या दिवशी, पुन्हा मॅट मारा.