पोराला मुंबईच्या कॉलेजात घालताय? खर्चाची वाटणी आधी ठरवा

नंबर लागला की गावाहून फोन येतो, "फीचं बघू सगळे मिळून." या 'सगळे मिळून'मध्ये ऐनवेळी एकटा बापच उरतो. म्हणून फी भरायच्या आधी कोण काय देणार ते नावानिशी लिहून काढा.

उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, लागत असेल तर जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर (ओबीसीसारख्या प्रवर्गांना लागतो तो दाखला) तालुक्यालाच काढून गाडीत बसा. आईवडिलांचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत आणि इंजिनिअरिंग-फार्मसीचा प्रवेश कॅप राउंडमधून (सरकारी प्रवेश फेरीतून), असं असेल तर महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरा. अशा मुलींना २०२४-२५ पासून शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे. कॉलेज स्वतः भरतं त्या मॅनेजमेंट कोट्याला यातलं काही नाही.

आता खरी गोम. "राहील की काकाकडे" हे आपण फार सहज बोलतो. लालबागच्या एका खोलीत आधीच चार माणसं. पोरगा रात्री दिवा लावून वाचत बसला की पहिल्या पाळीला जाणाऱ्या काकाच्या झोपेचं खोबरं. काकी पहाटे पाणी भरून डबा करते, त्यात आता एक डबा वाढला. हाच काकाचा वाटा, आणि तो सगळ्यात मोठा. त्याच्याकडे वर फी मागू नका. उलट तांदळाची गोणी, कुळीथ, कोकम गावाहून येऊ द्या आणि दर महिन्याला ठरलेले पैसे द्या. काकीच्या हातात, काकाच्या नाही!

आत्या-मामांकडे ठोक रक्कम मागितली की चेहरे पडतात. त्यापेक्षा एकेक बाब वाटून द्या. मामाने लोकलचा पास बघावा (विद्यार्थी सवलतीचा फॉर्म कॉलेजच्या ऑफिसात मिळतो, तिमाही काढा), आत्याने पुस्तकं.

तरी कमी पडलं तर सावकारापेक्षा शैक्षणिक कर्ज बरं. सरकारी बँका साधारण साडेसात लाखांपर्यंत तारण मागत नाहीत, आईवडील सहकर्जदार लागतात. हप्ता कोर्स संपल्यावर वर्षभराने सुरू होतो, व्याज मात्र पहिल्या उचलीपासून चढतं. थोरला भाऊ कमावता असेल तर कोर्स चालू असेपर्यंत नुसतं व्याज त्याच्या अंगावर घाला. त्याचं लग्न ठरायच्या बेतात असेल, तर ही गोष्ट मुलीकडच्यांना बैठकीतच सांगून टाका.