गादी, बेड, कपाट घेताना 'इको' लेबल कसं वाचायचं

मागच्या वर्षी आईसाठी गादी घ्यायला निघालो तेव्हा अट एकच होती, वास नको. आईला दमा आहे, नवा रंग, नवा फोम, फिनेल, काहीही नाकाशी आलं की रात्रभर खोकला. दुकानात बघावं तर प्रत्येक गादीवर हिरवं पान, 'इको', 'नॅचरल', 'ऑरगॅनिक', एका गादीवर तर पाच गोल शिक्के ओळीने छापलेले. दुकानदार म्हणाले, "ताई, हंड्रेड परसेंट नॅचरल लॅटेक्स आहे, सर्टिफाइड आहे, डोळे झाकून घ्या." घेतली. तिसऱ्या दिवशीही वास जाईना म्हणून मी कव्हरची चेन उघडली, तर वर बोटभर जाडीचा पांढरा, भोकंभोकं असलेला लॅटेक्सचा, म्हणजे रबराच्या चिकापासून केलेला थर आणि त्याच्याखाली सगळा पिवळसर साधा फोम, मध्ये गोंदाचे वाळलेले पट्टे. सर्टिफिकेटचा कागद काढून नीट वाचला तर तो गादीचा नव्हताच, कव्हरच्या कापडाचा होता, नाव तिसऱ्याच कंपनीचं आणि मुदतही संपलेली.

गादी परत करायला दीड महिना फोनाफोनी केली. त्या काळात ही सगळी लेबलं काय असतात ते शोधत बसले, आणि जे कळलं ते इथे लिहितेय, कारण हे आधी कुणीतरी सांगितलं असतं तर आईचे ते दिवस तरी वाचले असते.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, ही पर्यावरणाची लेबलं ऐच्छिक असतात. कंपनीवर सक्ती नसते, कंपनी स्वतः जाते, फी भरते, तपासणी करून घेते आणि लेबल लावते. म्हणजे काय तर आपली जी बाजू चांगली आहे तीच ती तपासून घेणार, कापड चांगलं असेल तर कापडाचं लेबल, फोम चांगला असेल तर फोमचं, आणि बाकीच्या गादीबद्दल गप्प. यात दरवेळी फसवणूकच असते असं नाही, पण आपण एक शिक्का बघून अख्खी गादी चांगली धरतो तिथे घोटाळा होतो. म्हणून कुठलंही लेबल दिसलं की तीन प्रश्न विचारायचे, हे कशाचं आहे, म्हणजे कापड, फोम, लाकूड की पूर्ण वस्तूचं, यात नेमकं तपासलं काय, आणि तपासलं कोणी. तिसऱ्याचं उत्तर 'आमच्या कंपनीनेच' असं आलं तर ते लेबल नाही, ती जाहिरात आहे.

आता गादीपासून सुरू करू, कारण गोंधळ तिथेच जास्त आहे.

साध्या फोमच्या किंवा मेमरी फोमच्या गादीवर बऱ्याचदा सर्टिपूर-यूएस लिहिलेलं असतं. हे फक्त पॉलीयुरेथेन फोमचं सर्टिफिकेट आहे. काही ठराविक घातक अग्निरोधक रसायनं, शिसं, पारा, फॉर्मल्डिहाइड हे न वापरता फोम बनवलाय आणि त्यातून हवेत उडणारी रसायनं ०.५ पीपीएमच्या (म्हणजे दहा लाखांत अर्ध्या भागाच्या) खाली आहेत एवढं ते सांगतं. उपयोगाचं आहे, दमेकऱ्याच्या घरात तर नक्कीच, पण फोम पेट्रोलियमपासूनच बनतो, त्यामुळे याला 'नॅचरल' म्हणून कुणी विकत असेल तर तिथेच थांबा. आणि गोंद, कापड, स्प्रिंग यांच्याबद्दल हे लेबल एक शब्दही बोलत नाही.

ओएको-टेक्स स्टँडर्ड १०० हे दुसरं, १९९२ पासून चालू आहे आणि सगळ्यात जास्त गैरसमज याच्याबद्दल. लोकांना वाटतं हे ऑरगॅनिकचं आहे. नाही. यात तयार मालात त्वचेला, शरीराला अपायकारक रसायनं किती शिल्लक आहेत ते तपासतात, त्यामुळे शंभर टक्के पॉलिस्टरलाही हे मिळू शकतं. यात चार वर्ग असतात, त्यातला क्लास १ तीन वर्षांपर्यंतच्या बाळांसाठी आणि तो सगळ्यात कडक. पाळण्यातली गादी, मुलाचा छोटा बेड घेताना नुसतं नाव बघू नका, क्लास १ लिहिलंय का ते बघा. सर्टिफिकेट एका वर्षाचं असतं, दरवर्षी नवं करावं लागतं, आमच्या गादीचं जे संपलं होतं ते हेच.

मग जीओटीएस आणि जीओएलएस, नावात एका अक्षराचा फरक म्हणून दुकानातली माणसंसुद्धा एकाला दुसरं म्हणतात. जीओटीएस कापडासाठी, म्हणजे कापूस, लोकर वगैरे. त्यात दोन पातळ्या आहेत, नुसतं 'ऑरगॅनिक' लिहायचं तर किमान ९५ टक्के धागा प्रमाणित सेंद्रिय लागतो आणि 'मेड विथ ऑरगॅनिक' असेल तर किमान ७० टक्के. शिवाय शेतापासून शिलाईपर्यंतच्या प्रक्रियेवर आणि कामगारांच्या परिस्थितीवरही यात अटी आहेत, म्हणून मला हे लेबल ओएको-टेक्सपेक्षा वजनदार वाटतं. जीओएलएस लॅटेक्ससाठी, त्यात कच्चा लॅटेक्स ९५ टक्क्यांच्या वर प्रमाणित सेंद्रिय हवा. आपल्याकडे रबराची शेती केरळात मोठी आहे, त्यामुळे खरा चांगला लॅटेक्स इथे मिळतो, मिळत नाही असं नाही. फक्त लॅटेक्सची गादी घेताना हमखास विचारायचं, "पूर्ण उंची लॅटेक्स आहे का वरचा थर फक्त? किती इंच?" आणि उत्तर बिलावर लिहून घ्यायचं. आणि दुकानातच चेन उघडायला सांगा. चेन नसेल, कव्हर शिवून बंद केलेलं असेल तर कापलेला नमुना दाखवा म्हणा, बहुतेक दुकानांत तो छोटा चौकोनी तुकडा असतोच. काथ्याच्या गादीलाही हेच लागू, काथ्या नैसर्गिक असला तरी तो रबरात घट्ट केलेला असतो आणि वर बहुधा फोमचा थर असतो, मग थरांची जाडी विचाराच.

हवेत काय उडतं ते बघणारं आणखी एक लेबल म्हणजे ग्रीनगार्ड आणि त्याहून कडक ग्रीनगार्ड गोल्ड. यात वस्तू बंद चेंबरमध्ये ठेवून तिच्यातून बाहेर पडणारी रसायनं मोजतात. गादी, कपाट, ऑफिसच्या खुर्च्या सगळ्यांवर दिसतं. घरात लहान मूल किंवा दम्याचं माणूस असेल तर मी याला पहिली पसंती देईन, पण लाकूड कुठल्या जंगलातून आलं याच्याशी याचा संबंध नाही.

लाकडासाठी एफएससी बघायचं, झाड आणि बरोबरची खूण असं चिन्ह. त्यात तीन प्रकार असतात. 'एफएससी १००%' म्हणजे सगळं लाकूड प्रमाणित जंगलातलं, 'रिसायकल्ड' म्हणजे पुनर्वापराचा माल, आणि 'मिक्स' म्हणजे प्रमाणित, रिसायकल्ड आणि किमान अटींवर तपासलेलं इतर लाकूड असं एकत्र. मिक्स वाईट नाही, पण दुकानदार मिक्सला शंभर टक्के म्हणाला तर तसं नाही हे आपल्याला माहीत पाहिजे. चिन्हाच्या खाली बारीक अक्षरात 'एफएससी-सी' आणि पुढे सहा आकडे असतात, तो परवान्याचा नंबर. नंबर नसलेलं नुसतं झाड कुणीही छापू शकतं. पीईएफसी नावाचं दुसरं जागतिक लेबल आहे, तेही चालेल. जोधपूरच्या शीशमच्या फर्निचरवर 'वृक्ष' असा उल्लेख दिसला तर तो लाकूड कायदेशीर मार्गाने आल्याचा दाखला आहे, त्यापेक्षा जास्त अर्थ काढू नका.

आता आपल्याकडचं. भारताचं स्वतःचं इकोमार्क आहे, १९९१ पासून, चिन्ह मातीच्या मडक्याचं. मडकं निवडलं कारण ते मातीतून येतं, कचरा होत नाही, परत मातीत जातं. मला ही कल्पना फार आवडते, म्हणून वाईटही वाटतं की इतक्या वर्षांत ते घराघरात पोचलं नाही, मी जेवढी गादीची दुकानं फिरले तिथे कुठेही मडकं दिसलं नाही. २०२४ साली जुनी योजना बदलून नवे इकोमार्क नियम आलेत आणि ते केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आहेत, तेव्हा पुढे दिसायला लागेल अशी आशा ठेवू. लाकडासाठी केंद्राने डिसेंबर २०२३ मध्ये भारतीय वन आणि काष्ठ प्रमाणीकरण योजना आणली, तीही ऐच्छिक. आणि सीआयआय या उद्योगांच्या संघटनेचं ग्रीनप्रो लेबल आहे, ते जास्त करून इमारतीच्या सामानावर आणि ऑफिस फर्निचरवर दिसतं. जर्मनीत किंवा युरोपात राहणाऱ्या आपल्या लोकांसाठी काम बरंच सोपं आहे, तिथे जर्मनीचं ब्लू एंजल १९७८ पासून आहे, उत्तरेकडच्या देशांत हंसाचं चिन्ह आणि युरोपियन युनियनचं फुलाचं, आणि फुलवाल्या लेबलात गाद्या आणि फर्निचर दोघांसाठी वेगळे निकष आहेत, म्हणजे पूर्ण वस्तूचा विचार होतो, नुसत्या कापडाचा नाही.

पण खरं सांगायचं तर आपल्याकडे बऱ्याच घरांत फर्निचर दुकानातून येतच नाही, मिस्त्री घरी येऊन प्लायमध्ये करून देतात. तिथे लेबल कुठलं बघणार? तर प्लायच्या शीटवर. शीटच्या पाठीवर किंवा कडेला शिक्का असतो, आयएसआयची खूण, आयएस नंबर, ग्रेड, आणि सीएम/एल ने सुरू होणारा लायसन्स नंबर. हा नंबर भारतीय मानक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाकला की लायसन्स कुणाचं आहे, चालू आहे का ते दिसतं. लक्षात घ्या, आयएसआय हे दर्जाचं चिन्ह आहे, पर्यावरणाचं नाही. आपल्याला त्याच्याबरोबर ई१ किंवा ई० असं लिहिलंय का ते बघायचंय, हा फॉर्मल्डिहाइड किती सुटतं त्याचा वर्ग, ई० म्हणजे ई१ पेक्षा कमी. प्लाय आणि लाकडाचे तंतू किंवा भुसा दाबून केलेले एमडीएफ, पार्टिकल बोर्ड या सगळ्यांत चिकटवायला जे रेझिन वापरतात त्यातून हा वायू महिनोन् महिने सुटत राहतो, उन्हाळ्यात आणि दमट हवेत जास्त, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला २००४ मध्येच माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत टाकलंय. नवीन कपाट उघडलं की डोळे चुरचुरतात ना, ते हेच.

तेव्हा माल घरी आला की मिस्त्रींनी करवत लावायच्या आधी प्रत्येक शीटच्या शिक्क्याचा फोटो काढा. एकदा कापलं की शिक्का कुठल्यातरी ड्रॉवरच्या तळाशी जातो नाहीतर भुश्शात, आणि मग कुणालाच काही सिद्ध करता येत नाही. आम्ही आईच्या कपाटाच्या वेळी फोटो काढले तेव्हा आठ शीटपैकी दोनवर ई१ नव्हतंच, दुकानदाराने मुकाट्याने बदलून दिल्या. मिस्त्रींना अजून एक सांगायचं, "काका, आतल्या बाजूच्या, पाठीच्या, सगळ्या कडांना पट्टी लावा, उघडी कड ठेवू नका." वायू कडांमधूनच जास्त बाहेर पडतो, आणि नेमक्या न दिसणाऱ्या कडाच उघड्या ठेवायची पद्धत आहे. काम झाल्यावर दोनतीन आठवडे तरी दारं, ड्रॉवर उघडी, खिडक्या उघड्या, आणि झोपायची खोली असेल तर तोवर दुसरीकडे झोपा.

लेबल नाही म्हणजे वस्तू वाईट, असंही समजू नका. सर्टिफिकेटला पैसे लागतात आणि गावातला सुतार किंवा गल्लीतला पिंजारी ते कुठून देणार. जुन्या वाड्यातल्या सागवानी तुळईचा पलंग करून घेतला तर त्याच्यावर कुठलंच लेबल नसेल आणि तरी त्याच्या तोडीचं काही दुकानात मिळणार नाही. तसंच कापसाची गादी, चारपाच वर्षांनी पिंजून परत भरता येते, आत काय आहे ते समोर दिसतं, फोमची गादी खराब झाली की तिचं काय करायचं हाच प्रश्न. आईसाठी शेवटी आम्ही कापसाचीच भरून घेतली, ओळखीच्या पिंजारीकाकांकडून, नव्या कापसाची आणि साध्या सुती कापडाची.

ज्यांना दुकानातूनच घ्यायचंय त्यांनी नंबर तपासायचा कंटाळा करू नका, पाच मिनिटांचं काम आहे. ओएको-टेक्सच्या साइटवर 'लेबल चेक' म्हणून जागा आहे, एफएससीचा आणि जीओटीएसचा सर्च सगळ्यांना खुला आहे. नंबर टाकला की चार गोष्टी जुळवायच्या, कंपनीचं नाव, वस्तूचा प्रकार, पातळी किंवा वर्ग, आणि मुदत. नाव वेगळं आलं तर 'हे तुमचे सप्लायर का' असं विचारा, असू शकतात, पण मग ते सर्टिफिकेट फक्त त्या सप्लायरच्या मालापुरतं.

आणि कुणी पुरावा न देता 'इको फ्रेंडली', 'ग्रीन' म्हणत असेल तर आता त्यावर नियम आहेत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये खोट्या पर्यावरणाच्या दाव्यांवर मार्गदर्शक सूचना काढल्यात, दावा केला तर तो सिद्ध करता आला पाहिजे आणि त्याची माहिती ग्राहकाला मिळाली पाहिजे. तक्रारीसाठी ग्राहक हेल्पलाइन १९१५. फोन करायच्या आधी बिल, लेबलचा फोटो आणि दुकानदाराशी झालेलं लेखी बोलणं जवळ ठेवा, तोंडी बोलण्याचा उपयोग होत नाही हे मी दीड महिना अनुभवलंय.

म्हणून पैसे देण्याआधीच व्हॉट्सॲपवर हा मेसेज पाठवा, मी आता प्रत्येक वेळी हाच पाठवते, उचला आणि वापरा:

"नमस्कार, आम्ही बघितलेल्या गादीचं / कपाटाचं सर्टिफिकेट पाठवा, त्यावर नंबर आणि मुदत दिसली पाहिजे. हे सर्टिफिकेट पूर्ण वस्तूचं आहे की कापड / फोम / लाकूड यापैकी एका भागाचं, ते लिहून कळवा. गादी असेल तर प्रत्येक थर कशाचा आणि किती इंच, प्लाय किंवा एमडीएफ असेल तर ई० की ई१, तेही लिहा. हीच माहिती बिलावर यायला हवी."