सेल्फ गेला म्हणून लगेच सेल्फ उतरवू नका! स्टार्टर मोटरच्या या चुका टाळा

चावी फिरवली, खट्ट झालं आणि गाडी गप्प. आजूबाजूला चार जण जमतात आणि त्यातला एक तरी हमखास म्हणतो, सेल्फ गेला, म्हणजे इंजिन चालू करणारी स्टार्टर मोटर बिघडली. मीही असंच ऐकून माझ्या जुन्या डिझेल गाडीचा सेल्फ उतरवून घेतला, कार्बन ब्रश (फिरत्या भागाला करंट देणारे कार्बनचे तुकडे), बुश (मोटरचा दांडा ज्यात फिरतो ती कडी), बेंडिक्स (इंजिनला फिरवणारा दातांचा गिअर) सगळं नवीन घातलं, पैसे मोजले आणि चौथ्या दिवशी सकाळी परत तेच खट्ट. शेवटी सापडलं काय, तर इंजिनवरून चॅसीला येणारा अर्थिंगचा पट्टा. वरून धड दिसत होता, पण बोल्टखाली हिरवट भुकटी साचलेली आणि विणलेल्या तारा निम्म्याहून जास्त तुटलेल्या. बरं, गाडीने आधी सांगितलं होतं, मलाच कळलं नाही. सेल्फ मारताना अ‍ॅक्सिलरेटरची केबल हाताला गरम लागायची. इंजिनला अर्थ नीट मिळाला नाही की करंट परत जायला दुसरी वाट धरतो आणि मग ती बारकी केबल भाजून निघते.

तर पहिली चूक हीच, आवाज न ऐकता पाना हातात घेणं. सेल्फ प्रत्येक बिघाडाला वेगळा आवाज करतो. कट-कट-कट-कट असा लागोपाठ आवाज आला तर नव्वद टक्के बॅटरी उतरलेली असते नाहीतर टर्मिनल ढिलं, कारण सोलेनॉइड (सेल्फवरचा विजेच्या चुंबकावर चालणारा स्विच) ओढला जातो, मोटरने करंट मागितला की व्होल्टेज पडतं, सोलेनॉइड सुटतो, परत ओढतो, असं चालू राहतं. एकच जोरात खट्ट आणि पुढे शांतता असेल तर सोलेनॉइडच्या आतले तांब्याचे कॉन्टॅक्ट जळालेत, ब्रश संपलेत किंवा मोटर जाम आहे (किंवा माझ्यासारखी अर्थिंगची बोंब). मोटर झुंईऽऽ करून नुसतीच फिरते आणि इंजिन हलत नाही, तर बेंडिक्स स्लिप होतोय. करकर असा दात खाल्ल्यासारखा आवाज आला तर बेंडिक्सचे नाहीतर फ्लायव्हीलच्या (इंजिनच्या जड चाकाच्या) ज्या रिंगमध्ये बेंडिक्स अडकतो तिचे दात गेलेत. आणि काहीच आवाज नाही, खट्टसुद्धा नाही, तर आधी फ्यूज, रिले, इग्निशन स्विच आणि सोलेनॉइडवरची बारीक वायर बघा, बऱ्याच नव्या गाड्यांत क्लच पूर्ण दाबल्याशिवाय सेल्फ लागतच नाही हेही लोक घाईत विसरतात.

हेडलाइटची युक्ती फुकटची आहे. लाइट लावा आणि सेल्फ मारा. लाइट एकदम मरगळली तर बॅटरी, टर्मिनल किंवा जाम मोटर. लाइट होती तशीच राहिली तर मोटरपर्यंत करंट पोचतच नाहीये.

मल्टीमीटर असेल तर अंदाजपंचे कारभार संपतोच. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास पाहिजे, १२ वर आली म्हणजे जवळपास रिकामी समजा. सेल्फ मारत असताना ९.६ च्या खाली जायला नको. आता खरी टेस्ट, जी कुणी करत नाही. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, क्लॅम्पवर नाही तर मधल्या शिशाच्या खांबावर, आणि दुसरी सेल्फच्या बॉडीवर धरून कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. ०.३ व्होल्टपेक्षा जास्त आलं तर अर्थिंगमध्ये घोळ. तसंच पॉझिटिव्हच्या खांबापासून सेल्फच्या जाड बोल्टपर्यंत, तिथे अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त पडायला नको. माझ्या गाडीला अर्थिंगच्या बाजूला दीड व्होल्ट पडत होतं, दोन मिनिटांचं काम होतं आणि मी आठवडा घालवला.

जाता जाता, सेल्फ हे नाव सेल्फ-स्टार्टरवरून आलंय. पूर्वी पुढे हँडल मारून गाड्या चालू करायचे, मग चार्ल्स केटरिंगचा इलेक्ट्रिक स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅकवर आला. आपण त्यातलं स्टार्टर गाळलं आणि सेल्फ तेवढं ठेवलं.

दुसरी मोठी चूक म्हणजे गाडी लागेपर्यंत सेल्फ मारतच राहणं. दहा सेकंदाच्या वर मारू नका आणि मध्ये मिनिटभर तरी थांबा, ही मोटर थोडा वेळ फिरण्यासाठीच बनवलीय, शेकडो अ‍ॅम्पिअर खाते, वायंडिंग (आतली तारेची गुंडाळी) जळायला वेळ लागत नाही. हातोडीने ठोकून चालू करणारे पण खूप. अडकलेला ब्रश हलतो म्हणून कधी कधी गाडी लागते हे खरंय, पण आजकालच्या बऱ्याच सेल्फमध्ये आत चुंबकं चिकटवलेली असतात, जोरात मारलं की तडकतात. पान्याच्या दांड्याने हलकं टकटक करा, बास, आणि लागली तर थेट ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जा.

स्क्रू ड्रायव्हर लावून सेल्फ शॉर्ट करणं हा प्रकार तर ट्रॅक्टरवाल्यांमध्ये फार. चावी, क्लच, न्यूट्रल कशाचाच संबंध राहत नाही, ट्रॅक्टर गिअरमध्ये असला तर तो लागता क्षणी पुढे जातो आणि तुम्ही उभे कुठे असता, मागच्या चाकासमोर! हे करूच नका.

आता सेल्फच खराब निघाला आणि उतरवायचा ठरवलं तर बॅटरीची निगेटिव्ह आधी काढा. हे न करता सेल्फच्या जाड बोल्टला पाना लावला आणि तो बॉडीला टेकला की ठिणग्या उडतात आणि पाना तिथेच चिकटू शकतो. वायरींचा फोटो काढून ठेवा. बोल्ट दोन किंवा तीनच असतात, पण शेवटचा सुटताना सेल्फ हाताने धरलेला पाहिजे, चांगला जड असतो, तोंडावर येतो.

सेल्फ निघाल्यावर त्या भोकातून रिंग बघायची संधी सोडू नका. चार सिलिंडरचं इंजिन साधारण त्याच त्याच जागी थांबतं, म्हणून रिंग सगळीकडून सारखी झिजत नाही, ठरावीक जागीच दात खाल्लेले दिसतात. इंजिन हळूहळू फिरवून पूर्ण फेरा बघा. रिंग खराब असेल तर नवा बेंडिक्स महिन्याभरात तसाच होणार. आणि सेल्फ तेलाने ओला असेल तर इंजिनची गळती आधी बंद करा.

नवा की रिपेअर? ब्रश, बुश, बेंडिक्सपर्यंत असेल तर रिपेअर परवडतो. गाडी गरम झाल्यावरच सेल्फ जड फिरत असेल तर बुश झिजून आर्मेचर (मोटरचा आतला फिरणारा भाग) घासत असेल, उघडल्यावर घासल्याची चमक दिसते. आर्मेचर किंवा फील्ड कॉइल (त्याच्याभोवतीची न फिरणारी गुंडाळी) जळाली असेल तर मी नवाच घेईन. दुकानात जुना सेल्फ शेजारी ठेवून बेंडिक्सचे दात मोजा आणि बोल्टची भोकं जुळवा, नुसत्या गाडीच्या नावावर घेऊ नका. बसवायच्या आधी शिकंज्यात घट्ट पकडून टेबलावर चालवून बघा, हातात धरून नको, मनगट पिरगाळतं.

बसवताना टेकायची जागा तारेच्या ब्रशने घासून चकचकीत करा, अर्थ तिथूनच मिळतो. निगेटिव्ह सगळ्यात शेवटी लावा. बॅटरी काढल्यावर गाडीचा टेप कोड मागणारा असेल तर तो कोड मात्र बॅटरी काढायच्या आधीच शोधून ठेवा.