अ‍ॅप काढून टाकलं, तरी पैसे कापले जातायत? या चुका टाळा

अ‍ॅपवरच्या खर्चाच्या बहुतेक तक्रारींच्या मुळाशी एकच गैरसमज असतो. आपण पैसे भरून घेतलेली गोष्ट आपल्या फोनमध्ये आहे, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ती फोनमध्ये नसते, खात्यात असते: आयफोन-आयपॅड असेल तर अ‍ॅपलच्या, अँड्रॉइड असेल तर गूगलच्या. हे एकदा नीट लक्षात आलं की पुढचे बरेच घोळ आपोआप सुटतात.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे अ‍ॅप अनइन्स्टॉल केलं की सबस्क्रिप्शनही संपलं असं समजणं. अ‍ॅप गेलं, आयकॉन गेला, पण खात्यावरचा करार तसाच चालू राहतो आणि ठरल्या तारखेला पैसे कापले जातात. आयफोनवर सेटिंग्ज उघडा, सगळ्यात वर असलेल्या स्वतःच्या नावावर टॅप करा आणि 'सबस्क्रिप्शन्स'मध्ये जा. अँड्रॉइडवर प्ले स्टोअरमध्ये उजवीकडे वर असलेल्या तुमच्या फोटोवर टॅप केलं की 'पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स' दिसतं. रद्द करायचं ते इथूनच.

त्या यादीत काहीच दिसत नाही आणि पैसे मात्र जातायत? मग तीन शक्यता तपासा. एक, सबस्क्रिप्शन तुमच्या दुसऱ्या, बहुधा जुन्या ईमेलच्या खात्यावर आहे. दोन, घरातल्या कोणी तरी तुमचं कार्ड वापरून स्वतःच्या खात्यावरून घेतलंय. तीन, ते स्टोअरमधून घेतलेलंच नाही. कंपनीच्या वेबसाइटवर थेट कार्ड दिलंय, म्हणजे तिथे लॉग-इन करूनच बंद करावं लागेल. यातलं नेमकं कोणतं, हे पावतीची मेल सांगते. सगळ्या इनबॉक्समध्ये त्या अ‍ॅपचं नाव टाकून शोधा. पावती ज्या पत्त्यावर आली, बहुतेक वेळा खातंही तेच असतं.

आता 'मोफत ट्रायल'कडे वळू. तो स्क्रीन एकदा शांतपणे बघा. मधोमध ठळक अक्षरांत '७ दिवस मोफत', खाली मोठं रंगीत बटण, आणि बटणाच्या खाली फिकट करड्या अक्षरांत एक ओळ: त्यानंतर दर आठवड्याला इतके. बंद करायची फुली कोपऱ्यात, तीही कधीकधी काही सेकंदांनी उमटते. ही रचना तुमची घाई व्हावी म्हणूनच केलेली असते, असं माझं स्पष्ट मत आहे. त्या फिकट ओळीतला 'आठवडा' हा शब्द फार महत्त्वाचा आहे. आपल्याला मासिक खर्चाची सवय, त्यामुळे आकडा किरकोळ वाटतो. पण वर्षाचा खर्च काढायला आठवड्याचा आकडा १२ ने नाही, ५२ ने गुणायचा असतो. गुणून बघा आणि मगच बटण दाबा.

ट्रायल घ्यायचीच असेल, तर शेवटच्या दिवशी रद्द करू असं म्हणू नका. अ‍ॅपलकडे मुदत संपण्याच्या किमान २४ तास आधी रद्द करावं लागतं. बहुतेक अ‍ॅप्समध्ये पहिल्याच दिवशी रद्द केलं तरी उरलेले दिवस वापरता येतात. काही ट्रायल मात्र रद्द करताच बंद होतात, म्हणून रद्द करताना समोर येणारा मजकूर वाचा आणि तशी असेल तर मुदतीच्या दोन दिवस आधीचा रिमाइंडर लावून ठेवा.

सबस्क्रिप्शन घेण्याआधी त्या सेवेची वेबसाइटही बघावी. अ‍ॅपमधल्या विक्रीवर स्टोअर साधारण १५ ते ३० टक्के कमिशन घेतं, म्हणून काही सेवा वेबसाइटवर स्वस्त मिळतात.

मुलांच्या हातातल्या टॅबलेटबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण इथे दोष मुलांचा नसतो. खेळातली नाणी आणि हिरे खेळून मिळालेले कोणते आणि खऱ्या पैशांचे कोणते, हे सहा वर्षांच्या मुलाला कळावं अशी अपेक्षाच चुकीची आहे. पूर्वी आयफोनवर एकदा पासवर्ड टाकला की पुढची १५ मिनिटं पुन्हा न विचारता खरेदी होत असे, आणि पालकांना याचा पत्ताच नसे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांचं हित जपणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेने, हे प्रकरण लावून धरलं. जानेवारी २०१४ मध्ये अ‍ॅपलने ग्राहकांना किमान ३ कोटी २५ लाख डॉलर परत करायचं मान्य केलं आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये गूगलने किमान १ कोटी ९० लाख.

आज सोयी पुष्कळ आहेत, पण त्या आपणच चालू कराव्या लागतात. प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये प्रत्येक खरेदीला पडताळणी मागायला सांगा. आयपॅडवर 'स्क्रीन टाइम'मधल्या निर्बंधांतून अ‍ॅपमधली खरेदी पूर्णपणे बंद करता येते. सगळ्यात चांगलं म्हणजे मुलाचं वेगळं खातं काढून ते फॅमिली ग्रुपमध्ये जोडणं, म्हणजे खरेदीची विनंती आधी तुमच्या फोनवर येते. आणि हो, 'गेम उघडायला सोपं पडतं' म्हणून मुलाचं बोट तुमच्या फोनच्या फिंगरप्रिंटमध्ये नोंदवलं असेल, तर ते आजच काढा. त्याच बोटाने खरेदीही मंजूर होऊ शकते.

नवा फोन घेतला आणि पैसे भरून घेतलेली सुविधा गायब? पुन्हा पैसे भरू नका. आधी स्टोअरमध्ये योग्य खातं निवडलंय का बघा. अँड्रॉइडवर दोन-तीन खाती असली की हमखास इथेच गडबड होते. मग अ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये 'रिस्टोअर पर्चेसेस' शोधा. जाहिराती काढणं, पूर्ण आवृत्ती अशा कायमच्या खरेद्या परत मिळतात. वापरून संपणारी नाणी मात्र अशी परत येत नाहीत. अँड्रॉइडवर घेतलेलं अ‍ॅप आयफोनवर मोफत मिळेल, हीही आशा नको. ज्या अ‍ॅपचं स्वतःचं लॉग-इन असतं, तिथे बहुधा अडचण येत नाही.

फोन 'फास्ट' करणाऱ्या क्लीनर अ‍ॅपवर पैसे घालवू नका. जागा मोकळी करायची सोय सेटिंग्जमध्येच आहे. फक्त अँड्रॉइडवर 'क्लिअर कॅशे' (तात्पुरत्या फाइल्स पुसणं) आणि 'क्लिअर डेटा' यांत गल्लत करू नका; दुसऱ्याने लॉग-इन जातं आणि फोनमध्येच साठवलेली प्रगतीही पुसली जाते.

चुकून पैसे गेलेच, तर त्याच दिवशी हालचाल करा. गूगल प्लेवर ४८ तासांच्या आत थेट गूगलकडे परतावा मागता येतो. नंतर बहुधा अ‍ॅप बनवणाऱ्याकडे जावं लागतं. अ‍ॅपलसाठी 'रिपोर्ट अ प्रॉब्लेम' हे वेगळं पान आहे. परतावा मागितला म्हणजे सबस्क्रिप्शन रद्द झालं असं धरू नका. ते स्वतः जाऊन रद्द करा.

जुना टॅबलेट कोणाला देणार असाल, तर रीसेट करण्याआधी त्यातून खातं काढा, आयपॅडवर 'फाइंड माय' (हरवलेलं उपकरण शोधायची सोय) बंद करा. नाहीतर नव्या मालकाला तो तुमचाच पासवर्ड मागत बसेल. रीसेटने सबस्क्रिप्शन बंद होत नाही, त्यामुळे वर सांगितलेली यादी त्याच दिवशी उघडा आणि फक्त त्या टॅबलेटसाठी घेतलेलं जे काही असेल ते रद्द करा.