निघणाऱ्या छताची गाडी घेताय? आधी रबर तपासा

बडोद्यात जुनी स्पोर्ट्स कार बघायला गेलात, तर बॉनेट उघडण्याआधी छत बघा. १९६५ साली पहिल्यांदा दाखवलेली पोर्शे ९११ टार्गा असो की १९६८ची टी-टॉप कॉर्व्हेट, डोक्यावरचं पॅनल निघतं आणि पाणी अडवायची जबाबदारी कडेच्या रबरावर येते. मे महिन्याच्या उन्हात ते कडक होतं, चिरतं. मग पहिल्याच पावसात दांडिया बाजारच्या सिग्नलला पाणी थेट मांडीवर!

साधी तपासणी करा: कागदाची पट्टी रबरावर ठेवून पॅनल बसवा आणि पट्टी ओढा. अलगद निघाली, तर तिथे दाब नाही. रबराला सिलिकॉन ग्रीसच लावा. मेकॅनिककडचं साधं ग्रीस नको, त्याने रबर फुगू शकतं. पॅनल काढायचं ते गाडी सपाट जागी उभी असताना, जॅकवर असताना कधीच नाही. सांगाडा किंचित पिळला तरी ते पुन्हा नीट बसत नाही.

पक्क्या छताचा सांगाडा जास्त ताठ असतो, खडखडही कमी. रोज ऑफिसला न्यायची असेल तर माझं मत त्यालाच. उघड्या छताची मजा इथे हिवाळ्यातच, आणि तेव्हा पॅनल डिकीत गेलं की बॅगेला जागा फारशी उरत नाही, तेही घेण्याआधी बघून घ्या.