मास्टरिंगसाठी मिक्स पाठवताना नॉर्मलाइझ करावे का?

मास्टरिंगसाठी, म्हणजे गाण्यावरील शेवटच्या संस्कारासाठी, मिक्स (सगळे ट्रॅक एकत्र करून तयार झालेले गाणे) एक्स्पोर्ट करताना नॉर्मलाइझचा, म्हणजे फाइलची पातळी आपोआप ठरावीक उंचीला नेण्याचा, पर्याय बंद ठेवावा. हा सल्ला अनेकदा दिला जातो, पण त्यामागचे कारण बहुधा चुकीचे सांगितले जाते. नॉर्मलाइझ केल्याने आवाजाचा दर्जा बिघडतो, असे सरसकट म्हणता येत नाही. बिघडते ते निराळेच काहीतरी.

पीक नॉर्मलायझेशनमध्ये सॉफ्टवेअर संपूर्ण फाइलमधील सर्वांत उंच शिखर शोधते आणि ते शून्य डीबीएफएसला (डिजिटल आवाजाच्या मोजपट्टीवरील पूर्ण पातळीला) किंवा ठरवलेल्या पातळीला पोहोचेल इतक्याच प्रमाणात सगळी फाइल वर उचलते किंवा खाली आणते. हा केवळ एका ठरावीक संख्येने केलेला गुणाकार आहे. त्याने गाण्यातील मंद आणि जोरकस भागांमधील अंतर बदलत नाही, आणि २४ बिट किंवा ३२ बिट फ्लोटिंग पॉइंट फाइलमध्ये त्यामुळे पडणारा फरक कानाला कळण्याच्या पलीकडचा असतो. मात्र शिखर शून्यावर नेऊन ठेवलेल्या फाइलमध्ये दोन सॅम्पलच्या (आवाजाच्या क्षणोक्षणी घेतलेल्या मोजमापांच्या) मधली प्रत्यक्ष ध्वनिलहर शून्याच्या वर जाऊ शकते, आणि मास्टरिंग करणाऱ्याला पहिले काम म्हणून ती फाइल पुन्हा खाली आणावी लागते. म्हणजे एकाने वर चढवायचे आणि दुसऱ्याने उतरवायचे, यातून कोणाचाच फायदा होत नाही.

खरे नुकसान होते ते एकापेक्षा अधिक फाइली पाठवताना. समजा, एका अल्बममधील संथ गाण्याचे शिखर उणे ९ वर आहे आणि जोरकस गाण्याचे उणे ३ वर. दोन्ही नॉर्मलाइझ केली की पहिले ९ डेसिबलने वर येते, दुसरे फक्त ३ डेसिबलने, आणि मिक्स करताना तुम्ही दोन गाण्यांमध्ये जो तोल ठरवला होता तो ६ डेसिबलने ढळतो. स्टेम्सच्या, म्हणजे मिक्समधील वाद्यगटांच्या वेगळ्या काढलेल्या फाइलींच्या, बाबतीत तर हे अधिकच घातक ठरते. तालवाद्ये, गायन आणि पार्श्वभूमीचे हलके सूर वेगवेगळ्या फाइलींत काढून प्रत्येक फाइल नॉर्मलाइझ केली, तर उणे ३० वर असलेले ते हलके सूर गायनाच्या बरोबरीला येऊन बसतात आणि सगळ्या फाइली एकत्र लावल्यावर तुमचा मूळ मिक्स उभाच राहत नाही. सुधारित मिक्स पाठवतानाही हीच अडचण येते: गायन केवळ १ डेसिबलने वाढवले तरी सर्वोच्च शिखर बदलू शकते, सॉफ्टवेअर मग संपूर्ण गाणे वेगळ्या प्रमाणात उचलते, आणि मास्टरिंग करणाऱ्याने पहिल्या फाइलवर बेतलेले कॉम्प्रेसरचे (मोठा आवाज दाबणाऱ्या साधनाचे) थ्रेशोल्ड, म्हणजे ते ज्या पातळीपासून काम सुरू करते ते आकडे, नव्या फाइलला जुळत नाहीत.

याहून सावध राहावे ते लाउडनेसवर, म्हणजे कानाला जाणवणाऱ्या मोठेपणावर, आधारित नॉर्मलायझेशनपासून. उणे १४ एलयूएफएस (लाउडनेस मोजण्याचे एकक) ही स्ट्रीमिंगच्या संदर्भात सतत ऐकू येणारी संख्या तयार मास्टरसाठी आहे; मिक्सचा तिच्याशी संबंध नाही. लक्ष्य गाठण्यासाठी सॉफ्टवेअरने लिमिटर (शिखरे ठरावीक मर्यादेवर रोखणारे साधन) लावला, तर तो परिणाम नंतर काढून टाकता येत नाही.

आवाज फार हळू राहील, ही भीती १६ बिटच्या काळातील आहे. प्रत्येक बिटमागे सुमारे ६ डेसिबल मिळतात, त्यामुळे २४ बिट फाइलमध्ये तात्त्विकदृष्ट्या सुमारे १४४ डेसिबलचा आवाका असतो आणि शिखर उणे १२ वर असले तरी काहीच बिघडत नाही. शिखर नेमके उणे ६ वरच हवे, हा आग्रहही अनावश्यक आहे. शून्याला न भिडणारी कोणतीही वाजवी पातळी चालते.

मिक्स शून्याच्या वर जात असेल तर काय करावे? मास्टर चॅनेलवर (सगळे ट्रॅक जिथे एकत्र येतात तिथे) कॉम्प्रेसर असताना सगळ्या ट्रॅकचे फेडर (पातळी कमी-जास्त करणाऱ्या पट्ट्या) खाली ओढू नयेत, कारण त्याने कॉम्प्रेसरकडे जाणारा आवाज कमी होऊन त्याचे वागणे बदलते. अनेक सॉफ्टवेअरमध्ये मास्टरवरील प्लगइन फेडरच्या आधी येतात, तिथे मास्टर फेडर खाली आणणे पुरेसे आहे. प्रो टूल्सच्या मास्टर फेडरवर प्लगइन फेडरनंतर येतात, तिथे साखळीच्या शेवटी ट्रिम प्लगइन (फक्त पातळी कमी-जास्त करणारे) लावावे. केवळ आवाज मोठा करण्यासाठी लावलेला लिमिटर काढावा, पण मिक्सच्या घडणीचाच भाग असलेला कॉम्प्रेसर ठेवावा. ग्राहकाला लिमिटरसहितचा आवाज आवडला असेल, तर ती फाइल संदर्भासाठी वेगळी पाठवावी.

एक्स्पोर्ट करताना सॅम्पल रेट प्रोजेक्टचाच ठेवावा आणि शक्य असल्यास ३२ बिट फ्लोटिंग पॉइंट निवडावे, कारण त्यात शून्याच्या वर गेलेली शिखरे कापली जात नाहीत, तर २४ बिटमध्ये ती कायमची कापली जातात. लॉजिक प्रोच्या बाउन्स (एक्स्पोर्ट) चौकटीत नॉर्मलाइझसाठी ‘ऑफ’ निवडावे. तेथील ‘ओव्हरलोड प्रोटेक्शन ओन्ली’ हा पर्याय पातळी शून्याच्या वर गेली तरच आवाज खाली आणतो, पण स्टेम्ससाठी तोही टाळावा. एबलटन लाइव्हमध्ये एक्स्पोर्टच्या चौकटीतील नॉर्मलाइझचे बटण बंद असल्याची खात्री करावी. तयार स्टेम्स नव्या प्रोजेक्टमध्ये सगळे फेडर शून्यावर ठेवून एकत्र वाजवावेत आणि मूळ मिक्सची फेज उलटी करून त्यांच्यासोबत लावावी, म्हणजे सारखे आवाज एकमेकांना रद्द करतात. मास्टर चॅनेलवर काहीही नसताना आणि सतत बदलणारे इफेक्ट्स नसताना जवळजवळ शांतता ऐकू यायला हवी.

नॉर्मलाइझ केलेली एकच स्टिरिओ फाइल आधीच पाठवून झाली असेल, तर घाबरण्याचे कारण नाही. पीक नॉर्मलायझेशन असेल तर तसे कळवावे, म्हणजे समोरची व्यक्ती गेन खाली आणून काम सुरू करील. स्टेम्स किंवा अल्बमची गाणी असतील, अथवा लिमिटर लागला असेल, तर मात्र नवीन फाइली काढून पाठवाव्यात.